आई मागून येतेय

समितीचं पत्र दोन ओळींचं होतं आणि त्यानं माझा अख्खा महिना खाल्ला. शाळांच्या वाचनालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या त्या लोकांना आमच्या प्रकाशनाची एक जुनी कादंबरी हवी होती, पण एका अटीवर: कोणत्याही प्रसंगात मूल मोठ्यांच्या देखरेखीशिवाय असता कामा नये. मालकीणबाईंनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

"एखादी आत्या घाल," त्या म्हणाल्या. "प्रेमळ. फार मध्ये मध्ये नको करू देऊस, पण असू दे."

माझं काम हेच. जुनी पुस्तकं नव्या पोरांसाठी नीटनेटकी करायची, बोजड शब्द काढायचे, लांबण कापायची. पण या कादंबरीला हात लावायचं माझ्या जिवावर आलं होतं. तीन भावंडं असतात. घराच्या तळघरात कोळशाच्या ढिगामागं एक दार, दारामागं पायऱ्या, पायऱ्यांच्या शेवटी काळंभोर तळं आणि एक होडी. पलीकडच्या काठावर एक राखणदारीण बसलेली असते. ती प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारते, आणि उत्तर खोटं निघालं की त्याचा आवाज काढून घेते. आईवडील चौथ्याच पानावर परगावी जातात ते शेवटच्या पानापर्यंत उगवत नाहीत. मधल्या दोनशे पानांत स्वेटर घातलास का, असं विचारणारं एकही माणूस नाही. मी नऊ वर्षांची असताना जिन्याखाली बसून ती वाचली होती. आई हाका मारत होती आणि मी ओ दिली नव्हती.

आता तिथं आत्या आली. आत्या आली आणि गोष्टीचा जीवच गेला. दार दिसल्याबरोबर आत्या म्हणाली, आधी हे दार कुणाचं आहे ते विचारू. पायऱ्यांवर तिनं सगळ्यांचे हात धरले. मूळ पुस्तकात राखणदारीण धाकटीला विचारते, "तुला इथं कुणी पाठवलं?" आणि धाकटी म्हणते, "कुणी नाही. मीच आले." माझ्या आवृत्तीत आत्या पुढं होऊन म्हणते, "मी घेऊन आले हिला." राखणदारणीला मग पुढं काही बोलायलाच उरत नाही.

आमचे चित्रकार काका सत्तरी ओलांडलेले. या पुस्तकाची पहिली चित्रं त्यांनीच तरुणपणी काढली होती. आता त्याच चित्रांत आत्या बसवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं.

"होडी कलते," ते म्हणाले.

"मोठी काढा मग."

"मोठी काढली की ती होडी राहत नाही, लाँच होते." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "असल्या गोष्टी लिहिणाऱ्यांचं पहिलं काम काय असतं, ठाऊक आहे का तुला? मोठ्यांना घराबाहेर काढायचं. कुणाला लढाईवर धाड, कुणाला आजारी पाड, कुणाला सरळ मारून टाक. त्याशिवाय दार उघडतच नाही."

"निर्दय लोक," मी म्हटलं.

"निर्दय नाहीत गं. त्यांना मुलं कळत होती."

खरं सांगायचं तर मला ती आत्या आवडायला लागली होती. आता मी आई आहे. ती तीन पोरं तळ्याकाठी उभी राहिली की मला पान उलटवत नाही. लहानपणी मी त्यांच्याबरोबर होडीत चढले होते, आणि आता मी काठावरून ओरडणाऱ्यांपैकी होते. आत्याला होडीत बसवलं की मला निदान श्वास घेता यायचा.

माझी मुलगी नऊ वर्षांची. घरात तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण बाहेर गेली की कायम काहीतरी उचलून आणते: बोल्ट, पिसं, कुणाच्या तरी छत्रीची मूठ. तिचे बाबा दुसऱ्या गावी नोकरीला असतात आणि पंधरा दिवसांनी घरी येतात. शाळेतून तिला शेजारच्या काकू आणायच्या आणि माझ्या ऑफिसात सोडायच्या. काकूंचा पाय मुरगळला, डॉक्टरांनी तीन आठवडे झोपून राहायला सांगितलं, आणि मुंगीनं लगेच डाव साधला.

"मी एकटी येते."

"अजिबात नाही."

"त्या पुस्तकातली धाकटी आठ वर्षांची आहे. तिला तर होडी पण चालवायला लागते. मला नुसता फुटपाथ आहे."

माझी स्वतःची जुनी प्रत तिनं दोनदा वाचली होती. मी फोनवर तिच्या बाबांकडं दाद मागितली, तर ते म्हणाले, "जाऊ दे की, सतरा मिनिटांचा तर रस्ता आहे." दीडशे मैलांवरून असं बोलायला काय जातं. पण दुसरा उपायही नव्हता. साडेतीनला मला ऑफिसातून उठता येणार नव्हतं, तरी आठवडाभर कसंबसं उठले आणि पाच दिवस तिच्याबरोबर तो रस्ता चालले. शाळेच्या फाटकातून डावीकडं, किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, लाँड्री, मग मोठा चौक. तिथं शाळेच्या वेळेला एक बाई हातात 'थांबा' लिहिलेली गोल पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देतात. मुलं त्यांना शिट्टीवाल्या मावशी म्हणतात. चौकानंतर बेकरीचा कोपरा, आणि सात मिनिटांत आमचं ऑफिस.

नियम मी कागदावर लिहून तिच्या कंपासपेटीच्या झाकणात आतून चिकटवले. धावायचं नाही. कुणाकडून काही घ्यायचं नाही. नाव, पत्ता, फोन नंबर कुणाला सांगायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा: एकटी आहेस असं कुणालाही, अगदी कुणालाही कळू द्यायचं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, आई मागून येतेय.

"पण तू मागून येत नसणार," मुंगी म्हणाली.

"नसणार."

"मग हे खोटं झालं."

"खोटं नाही. ही काळजी आहे."

तिनं पेटी बंद केली. "पण खरंच येऊ नकोस हं," ती म्हणाली. "लपून पण नाही. शपथ?"

मी शपथ घेतली. मनात आलं होतं लपून जायचं, खोटं कशाला बोलू. चित्रकार काकांची टोपी घालून जावं इथपर्यंत विचार गेला होता. पण शपथ घेतली होती, म्हणून त्या सोमवारी साडेतीनला मी माझ्या खुर्चीतच बसून होते.

तीन सत्तेचाळीसला ती यायला हवी होती. मी आत्याचं पान पुढं ओढलं. आत्या धाकटीच्या स्वेटरची बटणं लावत होती. तीन पन्नासला मी खिडकीशी गेले. पोरगी आहे, वाटेत काहीतरी उचलत बसली असेल. तीन पंचावन्नला पुन्हा गेले. चारला काका म्हणाले, "बस जरा, खिडकी झिजेल." मी बसले आणि तीच ओळ चार वेळा वाचली.

चार वाजून पाच मिनिटांनी शाळेत फोन लावला. पहारेकऱ्यानं उचलला. पोरं कधीच गेली, म्हणाला, एकही शिल्लक नाही. काका उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू जा, मी इथं थांबतो. आली तर कळवतो." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, आणि त्यानं मी जास्तच घाबरले.

तेव्हा मी नीट विचार केला असता तर ऑफिसापासून उलट चालत गेले असते. पण मला शाळाच दिसत होती, बंद वर्ग, स्वच्छतागृहाची न उघडणारी कडी. समोर बस आली आणि मी तिच्यात चढले. ती हमरस्त्यानं वळसा घालून जाते. प्रत्येक थांब्यावर माणसं निवांत चढत होती, निवांत उतरत होती, आणि मला एकेकाला ढकलून द्यावंसं वाटत होतं. काकूंचा पाय, तिच्या बाबांचं 'जाऊ दे की', समितीचं पत्र, सगळ्यांवर खापर फोडून झालं आणि मग फक्त मी उरले. जिन्याखाली बसून ओ न देणारी मुलगी मीच होते, आणि तशीच मुलगी मी जगात सोडून दिली होती.

शाळेचा पहारेकरी फाटकाला कुलूप लावत होता. मी त्याच्याकडून सगळे वर्ग उघडून घेतले. स्वच्छतागृहही बघितलं.

"अहो, ती छोटी ना? बॅगेला बोल्ट लटकवलेली?" तो म्हणाला. "ती तर सगळ्यात आधी गेली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही."

मग मी आमच्या रस्त्यानं निघाले. जवळजवळ धावतच. किल्ल्या बनवणारा कानशीनं काहीतरी घासत बसला होता.

"तुमची मुलगी? हो, गेली की इथून. एकटीच होती म्हणून मी विचारलं, तर म्हणाली आई मागून येतेय." त्यानं कानस खाली ठेवली. "मग मी नाही लक्ष दिलं."

लाँड्रीतल्या बाईंनीही तेच सांगितलं. त्या दारातच उभ्या होत्या, पोर एकटी दिसली म्हणून चौकापर्यंत सोबत करणार होत्या. "पण आई मागून येतेय म्हणाली ना," त्या म्हणाल्या, "म्हटलं मग कशाला."

रस्त्यावर जी जी माणसं तिच्यावर नजर ठेवणार होती, त्या प्रत्येकाची नजर मी दुसरीकडं वळवून ठेवली होती. सगळ्यांना वाटत होतं मी तिथं आहे. मी कुठंच नव्हते.

मी चौकात पोचले तेव्हा चार पस्तीस झाले होते. बंद दुकानाच्या पायरीशी शिट्टीवाल्या मावशींचं स्टूल होतं, आणि स्टुलाशेजारी बॅग पाठीवर घेऊन, दोन्ही हात पट्ट्यांत अडकवून मुंगी सरळ उभी होती. शाबूत. दोन्ही पाय, दोन्ही वेण्या. माझा जीव भांड्यात पडला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते पुसायचंही सुचलं नाही.

"आल्या बाई एकदाच्या," मावशी म्हणाल्या. "किती मागं होतात हो तुम्ही? पोर पाऊण तास उभी आहे. मी म्हटलं, आई मागून येतेय तर आई आली की सोडते. फोन नंबर विचारला तर ताकास तूर लागू देईना. माझी ड्यूटी सव्वाचारला संपली, पण हिला टाकून जाऊ कशी?"

मुंगी माझ्याकडं धावली नाही. तिनं माझ्या मागं बघितलं, ज्या रस्त्यानं मी आले होते तिकडं, शाळेच्या दिशेला. मग माझ्याकडं बघितलं.

"तू खरंच मागून येत होतीस," ती म्हणाली.

तिनं हे विचारलं नव्हतं. पाऊण तास ती रडली नव्हती, आणि आता तिचा ओठ थरथरायला लागला. तिच्या मनात काय चाललंय ते मला लख्ख कळलं. आई शाळेपासून माझ्या मागं होती, कुठंतरी भिंतीआड उभी राहून बघत होती, शपथ खोटी होती. मी एकटी आलेच नाही.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशींनी खिशातून एक छोटी वही काढली. "मला सांगा, तुम्ही बरोबर होतात ना? नाहीतर मला हिचं नाव लिहायला लागेल. मागच्या आठवड्यात एका पोराला एकटं सोडलं म्हणून वरून चांगलीच खरडपट्टी निघालीय माझी. नाव शाळेकडं जातं, आणि मग शाळा एकटं फाटकाबाहेर सोडत नाही."

एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. हो हो, जरा मागं पडले, सॉरी हं. वही खिशात गेली असती, मुंगीचं नाव शाळेत गेलं नसतं, उद्याही ती या रस्त्यानं येऊ शकली असती. फक्त तिला जन्मभर वाटलं असतं की मी मागं होते. आणि खरं बोलले तर कदाचित ती सहावीपर्यंत काकूंचं बोट धरून आली असती. शब्द अगदी जिभेवर होता, चटकन सुटणारा. आठवडाभर मी तिला त्याचीच तर सवय लावली होती.

"नाही," मी म्हटलं. "मी मागून येत नव्हते. मी ऑफिसात होते. ही आली नाही म्हणून बसनं शाळेत गेले आणि तिथून शोधत आले. ती एकटीच निघाली होती."

मावशींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या मुंगीकडं वळल्या. "खरं का गं? कुणाबरोबर आलीस तू?"

तिच्याऐवजी मीच उत्तर देणार होते. सवयच ती. ओठ दाताखाली धरले.

"कुणाबरोबर नाही," मुंगी म्हणाली. आवाज आधी नीट फुटेना, तिनं घसा साफ केला. "मी एकटी आले. इथपर्यंत."

"मग माझ्याशी खोटं का बोललीस?"

"नियम आहे."

"कुणाचा नियम?"

मुंगीनं बॅगेचे पट्टे घट्ट धरले. पाऊण तास ज्यानं तिला खांबासारखं उभं केलं, तो नियम कुणाचा ते ती सांगेना.

"माझा," मी म्हटलं.

मला मावशींनी झोडपून काढलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी पेन्सिल कानामागं खोवली.

"अहो, एकटी आहे म्हणाली असती तर मी तेव्हाच पाटी धरली असती आणि तिला पलीकडं सोडून ती वळेपर्यंत बघत बसले असते. त्याचाच पगार मिळतो मला." मग मुंगीला म्हणाल्या, "उद्यापासून मला खरं सांगायचं. बाकीच्यांना काय सांगायचं ते तुझ्या आईला ठरवू दे." वही खिशात गेली. त्यात काही लिहिलं की नाही, ते मला दिसलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

मी मुंगीची बॅग घ्यायला हात पुढं केला. ती एक पाऊल मागं सरकली.

"सात मिनिटं राहिलीत," ती म्हणाली.

समजलं नाही असं मी दाखवलं. चौकातून एक टेम्पो गेला, मग दोन मोटारी. सगळ्या आज जरा जास्तच वेगात होत्या.

"जा," मी म्हटलं.

"तू मागून येणार."

"नाही येणार. शपथ—"

"शपथ नको," मुंगी म्हणाली.

तिचं बरोबर होतं. माझ्या शपथेला आता काय किंमत होती, खरी होती तरी. मी इकडंतिकडं बघितलं आणि मावशींच्या स्टुलावर बसले. "हे बघ. बसले. तुझा फोन येईपर्यंत उठणार नाही. मावशी आहेत साक्षीला."

मावशींनी पाटी उचलली, शिट्टी वाजवली आणि चौक थांबवला. मुंगी चालत गेली, धावली नाही. पलीकडच्या फुटपाथवर वाकून तिनं काहीतरी उचललं आणि खिशात टाकलं. बेकरीच्या कोपऱ्यावर थांबून तिनं वळून बघितलं, मला तपासायला. मी दोन्ही पाय जमिनीवरून उचलून दाखवले. मग ती वळली आणि दिसेनाशी झाली.

मी काकांना फोन करून फक्त एवढंच सांगितलं की ती निघालीय, आणि खिडकीत उभं राहू नका. मावशी घरी गेल्या नाहीत, पायरीवर टेकल्या. बेकरीनंतर एक गल्ली लागते, तिथून सायकली सुसाट येतात. त्यापुढं एक अर्धवट बांधलेली इमारत. हे सगळं मला पाच दिवस दिसलं होतं आणि कधी एवढं भयंकर वाटलं नव्हतं. आत्या होडीत बसून पुन्हा पुन्हा धाकटीची बटणं लावत होती. तिला खाली उतरवावं लागणार होतं. समितीला काय तोंड दाखवायचं ते मला ठाऊक नव्हतं.

चार मिनिटं. सहा. सात झाली तेव्हा मी स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. आठव्या मिनिटाला अर्धवट उठले.

"बसा," मावशी म्हणाल्या.

नऊ झाली. दहा. काहीतरी उचलत बसली असेल, मी स्वतःशी म्हटलं, बोल्ट, पीस, छत्रीची मूठ. अकराव्या मिनिटाला फोन वाजला, ऑफिसचा नंबर होता.

"पोचले," मुंगी म्हणाली. धाप लागली नव्हती. "तू कुठं आहेस?"

"स्टुलावर."

"मावशींना दे."

मी फोन त्यांच्याकडं दिला. मावशींनी तो कानाला लावला आणि रस्त्याकडं बघत ऐकत राहिल्या. "हो," त्या म्हणाल्या. "हो गं. एकदा उठायला लागल्या होत्या, मी बसवलं. नाही, हलल्या नाहीत." मग बराच वेळ नुसतं ऐकलं, आणि फोन मला परत दिला. तो बंद झाला होता.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आता सोडा तिला."

मावशींनी पाटी उचलली, शिट्टी वाजवली आणि माझ्यासाठी चौक थांबवला.